ज्यांच्या नावापुढे तारीखच नाही

वाचनालयाला पडलेला प्रश्न साधा होता. गेल्या वर्षभरात ज्यांनी एकही पुस्तक नेलेलं नाही, असे सभासद कोण? कार्यवाह काकांना त्या सगळ्यांना फोन करायचे होते. वर्गणीसाठी नव्हे, वर्गणी बहुतेकांची भरलेलीच असते. ही मंडळी येईनाशी का झाली, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

बडोद्यातल्या मराठी वाचनालयांना हा प्रश्न आज ना उद्या पडतोच. दांडिया बाजार, रावपुरा, सूरसागरचा काठ ही एके काळी मराठी घरांची वस्ती. संध्याकाळी भाजी आणायला निघालं तरी वाटेत वाचनालय लागायचं. आता घरं मांजलपूरला गेली, गोत्रीला गेली, वासणा रोडला गेली. नातवंडं गुजराती नाहीतर इंग्रजी शाळेत. आजींना एवढ्या ट्रॅफिकमधून जुन्या गावात आणणार कोण? वाचणारा माणूस नेमका कधी गळला ते कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण जो येत नाही तो काउंटरवर दिसत नाही.

माझी भाची रविवारी तिथे बसते. देवघेवीची रजिस्टरं संगणकावर चढवण्याचं काम तिने हौसेने अंगावर घेतलं आहे. त्यासाठीचा डेटाबेस, म्हणजे टेबलांत माहिती ठेवणारा प्रोग्रॅम, मायएसक्यूएल नावाचा. माझं पोटापाण्याचं काम दिवसभर तेच, त्यामुळे तिचं अडलं की फोन मला येतो. काकांची यादी काढताना असाच आला.

"मामा, कॉलम मीच केला, त्याला नाव मीच दिलं, आणि हा म्हणतो असा कॉलमच नाही!"

तिने लिहिलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, देवनागरीत मांडायची तर अशी होती:

सिलेक्ट नाव,
(सिलेक्ट मॅक्स(तारीख) फ्रॉम देवघेव
व्हेअर देवघेव.सभासद_क्र = सभासद.क्र) अ‍ॅज शेवटची_तारीख
फ्रॉम सभासद
व्हेअर शेवटची_तारीख < वर्षापूर्वीचा_दिवस

दोनच टेबलं. एकात सभासद, दुसऱ्यात देवघेव. प्रत्येक सभासदासाठी देवघेवीत जायचं, त्याच्या नोंदींतली सगळ्यात अलीकडची तारीख काढायची, तिला 'शेवटची_तारीख' म्हणायचं. कंसात बसलेल्या त्या आतल्या प्रश्नाला सबक्वेरी म्हणतात. शेवटची ओळ काढून टाकली तर क्वेरी बिनतक्रार चालते, नावं येतात, शेजारी तारखा येतात. शेवटची ओळ घातली की एरर १०५४: व्हेअरमध्ये असा कॉलम माहीत नाही.

तिचा वैताग मला अगदी मान्य आहे. समोर स्क्रीनवर तो कॉलम दिसतोय, त्याच्या डोक्यावर नाव दिसतंय, आणि त्याच नावाने हाक मारली तर ओळख नाही. याच्याऐवजी ओरॅकल किंवा पोस्टग्रेस हे दुसरे डेटाबेस असते तरी तेच. ओरॅकल 'इन्व्हॅलिड आयडेंटिफायर' म्हणाला असता, पोस्टग्रेस म्हणाला असता असा कॉलम अस्तित्वात नाही. भाषा वेगळी, नकार तोच.

कारण एसक्यूएल, म्हणजे हे प्रश्न लिहायची भाषा, आपण ज्या क्रमाने वाचतो त्या क्रमाने ती चालत नाही. आपण सिलेक्टपासून वाचायला लागतो. अर्थ मात्र फ्रॉमपासून लागतो: आधी टेबलं घ्यायची, मग व्हेअरने ओळी गाळायच्या, मग ग्रुप बायने गट पाडायचे, हॅविंगने गट गाळायचे, आणि त्यानंतर कुठे सिलेक्टची पाळी. कॉलम मोजले जातात ते इथे, त्यांना नावं मिळतात ती इथे. ऑर्डर बाय त्याच्याही मागून येतो, म्हणून त्याला ती नावं ओळखीची असतात. प्रत्यक्षात डेटाबेसचं इंजिन आपल्या सोयीने कामं पुढेमागे करतं, पण उत्तर या क्रमाशी जुळावंच लागतं.

भाचीला मी वाचनालयाचंच उदाहरण दिलं. दारात बसलेला माणूस कार्ड बघून आत सोडतो. दंड किती झाला ते आतल्या टेबलावर मोजतात. आता दारातल्या माणसाला सांगितलं की वीस रुपयांहून जास्त दंड झालेल्यांनाच आत सोड, तर त्याने काय करावं? तो आकडा अजून कोणी मोजलेलाच नाही. व्हेअर दारात बसलेला आहे, शेवटची_तारीख आतल्या टेबलावर आहे.

"मग लिहिताना सिलेक्ट पहिला का लिहायचा?" हा तिचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त होता.

याचं उत्तर १९७४ सालात आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी त्या वर्षी सीक्वेल नावाची भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. तिच्यामागचा विचार एडगर कॉड यांचा. माहिती टेबलांच्या रूपात ठेवावी आणि ती कुठे कशी साठवली आहे याची काळजी विचारणाऱ्याला पडू नये, असं कॉड यांनी १९७०च्या निबंधात म्हटलं होतं. पण कॉड यांची मांडणी गणिती होती. चेंबरलिन आणि बॉइस यांना हिशेबनीस, अधिकारी, संशोधक अशा प्रोग्रॅम न लिहिणाऱ्या माणसांना प्रश्न विचारता यावेत असं वाटत होतं. म्हणून त्यांची भाषा इंग्रजी वाक्यासारखी चालते: निवडा अमुक, तमुक टेबलातून, जिथे अशी अशी अट. इंग्रजी वाक्यात क्रियापद पुढे येतं, म्हणून सिलेक्ट पुढे आला. बॉइस त्याच वर्षी, अगदी तरुण वयात, वारले. १९८६ साली अमेरिकेत एसक्यूएलचं प्रमाणक ठरलं, तेव्हा सिलेक्टची पहिली जागा कायम झाली. आज जगभर कोट्यवधी लोकांचे पगार, तिकिटं, औषधं, वीजबिलं या भाषेतल्या प्रश्नांवर चालतात. दोन माणसांनी सामान्य वापरणाऱ्याचा विचार करून लिहिण्याचा क्रम ठरवला, याबद्दल मला त्यांच्याविषयी खरोखर आदर आहे. माझ्या भाचीला कोणत्याही वर्गात न जाता पहिल्या चार ओळी लिहिता आल्या, त्या यामुळेच.

तर अडचणीवरचा उपाय. पहिला उपाय म्हणजे ती पूर्ण सबक्वेरी व्हेअरमध्ये पुन्हा उतरवून काढणं. चालतं. पण तोच मजकूर दोन ठिकाणी राहतो, आणि उद्या परत केलेल्या पुस्तकांची तारीख धरायची ठरली की एकीकडे बदल होतो आणि दुसरीकडे राहून जातो. मी हे कोणाला सुचवत नाही.

दुसरा उपाय जुना आणि भरवशाचा. आख्खी क्वेरी कंसात घालायची, त्या कंसाला एक नाव द्यायचं, आणि बाहेरून तिच्यावर नवीन क्वेरी लावायची:

सिलेक्ट * फ्रॉम
( ...आधीची क्वेरी, शेवटच्या ओळीशिवाय... ) अ‍ॅज यादी
व्हेअर शेवटची_तारीख < वर्षापूर्वीचा_दिवस

आता आतली क्वेरी बाहेरच्या फ्रॉममध्ये बसली. फ्रॉम व्हेअरच्या आधी येतो, म्हणजे बाहेरचा व्हेअर जागा होईपर्यंत शेवटची_तारीख हा एक साधा, तयार कॉलम झालेला असतो. आधी सगळ्यांचं मोजा, मग त्यातून निवडा. याला डिराइव्हड टेबल म्हणतात. त्या कंसाला नाव दिलंच पाहिजे, मग ते पुढे कुठे वापरा अथवा वापरू नका. मायएसक्यूएल त्यासाठी अडून बसतो. पोस्टग्रेसनेही ही सक्ती २०२३च्या सोळाव्या आवृत्तीपर्यंत ठेवली होती.

हेच विथ लिहून वरच्या बाजूला मांडता येतं: विथ यादी अ‍ॅज अमुक, आणि खाली सिलेक्ट फ्रॉम यादी. वाचायला हे सरळ, वरून खाली. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २००९पासून आहे, मायएसक्यूएलमध्ये २०१८च्या आठव्या आवृत्तीपासून. नव्याने शिकणाऱ्याला मी विथच शिकवतो, कारण त्यात विचाराच्या पायऱ्या कागदावर दिसतात.

मायएसक्यूएलमध्ये तिसरी एक पळवाट आहे. व्हेअरच्या जागी हॅविंग लिहा, बाकी काही बदलू नका, आणि क्वेरी चालते. हॅविंगला सिलेक्टमधली नावं ओळखायची मुभा मायएसक्यूएलने स्वतःहून दिली आहे, गट पाडलेले नसले तरी. झटपट काही बघायचं असेल तर ठीक. पण पोस्टग्रेसवर तीच क्वेरी नेली की पुन्हा एरर. शिवाय हॅविंगची गाळणी जवळजवळ शेवटी लागते, त्यामुळे सवयीने सगळ्या अटी तिथेच टाकल्या तर इंजिनला आधी गाळण्याची संधीच मिळत नाही. माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी यापासून लांब ठेवतो.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो लॅटरल. सबक्वेरी सिलेक्टमधून उचलून थेट फ्रॉममध्ये, सभासद टेबलाच्या शेजारी ठेवायची, आणि लॅटरल हा शब्द लावला की तिला शेजारच्या ओळीतला सभासद क्रमांक दिसायला लागतो. पोस्टग्रेसमध्ये हे २०१३पासून आहे, मायएसक्यूएलमध्ये आठव्या आवृत्तीच्या पुढच्या एका सुधारणेपासून. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवाले तेच काम क्रॉस अ‍ॅप्लाय नावाने २००५पासून करत आले. मोजणीची जागा मोजणीच्या पायरीवर. मग त्या नावावर व्हेअर लावा, ऑर्डर बाय लावा, दुसरी मोजणी लावा, सगळ्यांना ते दिसतं.

भाचीने कंसाचा मार्ग घेतला. क्वेरी चालली. यादी आली. ती खूश झाली, मीही झालो असतो. पण फोन ठेवण्याआधी मी तिला म्हटलं, "बाहेरचा व्हेअर जरा काढ, आणि त्याच्या जागी नुसतं ऑर्डर बाय शेवटची_तारीख लिही. सगळे सभासद बघू."

खरी गोष्ट इथून सुरू होते.

मायएसक्यूएलमध्ये चढत्या क्रमाने लावलं की रिकाम्या किमती, म्हणजे नल, सगळ्यात वर येतात. पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये त्या तळाला गेल्या असत्या आणि बहुधा कोणी तिथवर स्क्रोल केलं नसतं. इथे त्या वर आल्या. पहिल्या पडद्यावर नावंच नावं, आणि प्रत्येक नावापुढे तारखेच्या जागी नल, नल, नल.

"ही माणसं तर मघाच्या यादीत नव्हती," भाची म्हणाली.

नव्हतीच. वर्षापूर्वीच्या दिवसाहून शेवटची तारीख आधीची आहे का, असं व्हेअरने विचारलं. ज्याची तारीखच नाही त्याच्यासाठी याचं उत्तर हो नाही आणि नाही पण नाही. एसक्यूएलमध्ये तिसरं उत्तर असतं, 'माहीत नाही'. व्हेअर फक्त 'हो' आलेल्यांनाच पुढे सोडतो. 'नाही' आणि 'माहीत नाही' दोघंही सारखेच बाहेर राहतात, आणि तेही कसलीही सूचना न देता. एररला मी कधीच घाबरत नाही, एरर बोलतो. ही गळती बोलत नाही.

आणि प्रश्न काय होता ते आठवा. जे येत नाहीत ते कोण? ज्यांची देवघेवीत एकही नोंद नाही ते या प्रश्नाचं पहिलं उत्तर असायला हवेत. क्वेरी व्याकरणाने शुद्ध, एरर नाही, तारखा खऱ्या. यादीत मात्र सगळ्यात जास्त न येणारी माणसंच नाहीत. मी कामावर ही गोष्ट इतक्या वेगवेगळ्या रूपांत पाहिली आहे की आता कोणताही मोजून काढलेला कॉलम दिसला की माझा पहिला प्रश्न हाच असतो: ज्याच्याकडे मोजायला काहीच नाही, त्याचं इथे काय होतं?

उत्तर मोजणीच्या प्रकारावर आहे, आणि ते पाठ असलेलं बरं. काउंट, म्हणजे नोंदींची संख्या, असेल तर नोंदी नसलेल्याला शून्य मिळतं, आणि शून्य हा आकडा असल्याने 'तीनपेक्षा कमी' या अटीत तो नीट बसतो. सम (बेरीज), मॅक्स (सर्वांत मोठी किंमत), मिन (सर्वांत लहान), अ‍ॅव्हरेज असेल तर नल मिळतो. म्हणजे 'वर्षात तीनपेक्षा कमी पुस्तकं नेणारे' या यादीत न आलेला माणूस सापडतो, पण 'शंभर रुपयांपेक्षा कमी दंड भरलेले' असं सम घेऊन विचारलं तर ज्याने आयुष्यात कधी दंड भरला नाही तोच गायब होतो. दोन टेबलं जॉइन करून, म्हणजे जुळणाऱ्या ओळी जोडून, ग्रुप बाय केलं तर आणखी वाईट: साध्या जॉइनमध्ये नोंद नसलेला सभासद जुळणीतच पडतो, काउंट घ्यायलाही उरत नाही. तिथे जुळणी नसलेला सभासदही ठेवणारा लेफ्ट जॉइनच हवा, आणि काउंट(*) न घेता देवघेवीतल्या कॉलमचा काउंट हवा, नाहीतर रिकामी जोडलेली ओळसुद्धा 'एक' म्हणून मोजली जाते.

आमच्या क्वेरीला एवढीच भर पुरली: ऑर शेवटची_तारीख इज नल. 'बरोबर नल' असं चिन्ह टाकून लिहिता येत नाही, कारण नलशी केलेल्या कुठल्याही तुलनेचं उत्तर पुन्हा 'माहीत नाही' हेच. भाचीने कोअलेस वापरायचं सुचवलं, म्हणजे तारीख नसेल तर १ जानेवारी १९०० धरायची. अट सुटसुटीत होते हे खरं, पण मी तिला अडवलं. दंडाच्या रकमेला शून्य धरणं योग्य आहे, कारण दंड भरला नाही म्हणजे शून्य रुपये भरले, ते सत्यच आहे. तारखेला खोटी तारीख धरणं योग्य नाही. ती क्वेरी कोणीतरी उचलून अहवालात टाकतं, आणि मग कागदावर येतं की अमुक सभासद १९०० साली येऊन गेले. जे माहीत नाही ते माहीत नाही असंच लिहिलेलं राहू द्यावं.

तिने मग पडद्यावरची नावं काकांना वाचून दाखवली. तिसऱ्या की चौथ्या नावाला काकांनी तिला थांबवलं.

"हे? अगं, यांनी तर अर्धं वाचनालय वाचलंय. पावसाळ्यात पुस्तक भिजू नये म्हणून पिशवी घेऊन यायचे, विसरलीस?"

नोंदी नव्हत्या हेही खरं, आणि काका म्हणत होते तेही खरं. संगणकावर २०१९पासूनची रजिस्टरं चढली होती. त्याआधीची लोखंडी कपाटात, निळ्या शाईत. त्या आजोबांचा गुडघा आधीच धरला असेल, मुलाने घर गोत्रीला घेतलं असेल, आणि संगणक सुरू होण्याच्या थोडं आधी त्यांचं येणं थांबलं असेल. यंत्राच्या लेखी हा माणूस कधी आलाच नव्हता. सभासदांच्या यादीत त्याचं नाव आहे, वर्गणी मुलगा ऑनलाइन भरतो, आणि देवघेवीत पान कोरं.

फोनवर त्यांना "आपण सभासद झालात पण कधी पुस्तक नेलं नाहीत" असं विचारलं गेलं असतं तर? विचारणारी मुलगी गोड बोलली असती, तरी त्यांना काय वाटलं असतं ते मला सांगवत नाही.

कॉड यांनी १९७९च्या निबंधात नल आणि तीन उत्तरांचा तर्क सविस्तर मांडला, आणि त्यावरून जाणत्यांमध्ये वाद झाले. नल म्हणजे काय? किंमत आहे पण आपल्याला ठाऊक नाही, की किंमत असूच शकत नाही? डेटाबेसच्या अभ्यासकांना हा वाद कोरडा वाटत नाही, आणि मला त्या दिवशी तो मुळीच कोरडा वाटला नाही. वरच्या त्या नल-नलच्या रांगेत निदान तीन तऱ्हेची माणसं होती. काही खरंच कधी न आलेली, कोणी तरी भेट म्हणून सभासदत्व दिलेली. काही २०१९च्या आधी येऊन गेलेली, जुन्या रजिस्टरात भरभरून असलेली. आणि काही गेल्याच महिन्यात सभासद झालेली, ज्यांनी अजून पहिलं पुस्तक निवडायचं होतं. तिघांच्या नावापुढे एकच रिकामा चौकोन.

शेवटच्या तऱ्हेला वेगळं काढणं सोपं होतं. सभासद झाल्याची तारीख हा टेबलातला मूळ कॉलम आहे, तो मोजावा लागत नाही. म्हणून ती अट आतल्या क्वेरीच्या व्हेअरमध्ये गेली: वर्षापूर्वी किंवा त्याआधी झालेले सभासदच घ्या. नव्यांसाठी शेवटची तारीख मोजायलाच नको. ज्याला आधी गाळता येतं त्याला आधीच गाळावं, मोजून झाल्यावरच जे कळतं तेवढंच बाहेर ठेवावं. काहीशे सभासदांच्या वाचनालयात याने वेळ वाचत नाही, पण लाखो ओळींच्या टेबलावर यानेच मिनिटांचे सेकंद होतात. मायएसक्यूएल अशा आतल्या क्वेरीला बाहेरच्या क्वेरीत मुरवून टाकू शकत नाही, कारण तिच्या सिलेक्टमध्ये सबक्वेरी आहे. आधी ती पूर्ण बनवून ठेवावी लागते, मग गाळणी. देवघेव टेबलावर सभासद क्रमांक आणि तारीख या दोघांचा मिळून इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची, केला तर प्रत्येक सभासदाची शेवटची तारीख सगळ्या नोंदी न चाळता हाती लागते. तो इंडेक्स मी त्याच दिवशी तिच्याकडून करवून घेतला.

भाचीने मधे एक वेगळी वाटही चोखाळली होती: ज्यांचा क्रमांक देवघेवीत नाही असे सभासद, म्हणजे नॉट इन. उत्तर आलं रिकामं. एकही ओळ नाही. देवघेवीत काही नोंदी सभासद क्रमांकाशिवाय होत्या, बाइंडिंगला पाठवलेल्या पुस्तकांच्या. नॉट इनच्या यादीत एक जरी नल असला तरी, ज्याचा क्रमांक यादीत नाही अशा प्रत्येक सभासदासाठी उत्तर 'माहीत नाही' होतं, यादीत असलेल्यांसाठी 'नाही', आणि सगळेच्या सगळे बाहेर. नॉट एक्झिस्ट्स, म्हणजे 'अशी नोंदच नाही', लिहिलं की हा घोळ होत नाही. हे मी पूर्वी नुसता नियम म्हणून सांगायचो. आता बाइंडिंगच्या पुस्तकांसकट सांगतो.

या सगळ्यात मला सयाजीराव महाराजांची आठवण येत राहिली, आणि बडोद्याच्या माणसाला ती यावीच. १९०६ साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शिकलेल्या माणसाने पुढे वाचायचं काय, हा प्रश्न त्यांनी तसाच सोडला नाही. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, त्याला राजवाड्यातला स्वतःचा संग्रह दिला. पुढच्याच वर्षी ग्रंथपाल घडवण्याचे वर्ग सुरू झाले. मांडवीजवळच्या त्या इमारतीत लोखंडी मांडण्यांच्या मधून काचेच्या फरशीवरून चालताना मला आजही लहान झाल्यासारखं वाटतं. पण मला त्या चळवळीतली सगळ्यात मोठी गोष्ट इमारत वाटत नाही. फिरती ग्रंथालयं वाटतात. पुस्तकं भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठवल्या जायच्या. जो वाचक शहरातल्या दारापर्यंत येणार नाही, त्याच्या दारापर्यंत पेटी जायची. शहरातल्या नोंदवहीत त्या खेड्यातल्या माणसाची एकही ओळ नव्हती. त्याच्या नावापुढे काहीच नव्हतं. तरी त्याला धरून विचार झाला होता, निधी काढला होता, पेट्या बनवून घेतल्या होत्या.

आपली आजची बहुतेक यंत्रं याच्या उलट चालतात. ज्याने काल काही विकत घेतलं त्याला आज दहा सूचना जातात. ज्याची नोंद आहे त्याचं सगळं मोजलं जातं, ज्याची नाही तो गाळणीतून खाली पडतो, आणि पडला हे कळतही नाही. सरकारी लाभाच्या याद्या असोत की शाळेतल्या गळतीच्या, जिथे मोजून काढलेल्या आकड्यावर अट लावली जाते तिथे हा धोका आहे. म्हणून 'ऑर इज नल' ही छोटीशी ओळ मला तांत्रिक बारकाव्यापेक्षा पुष्कळ मोठी वाटते. ती लिहायची की नाही हे यंत्र ठरवत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला कोणाची काळजी आहे, त्यावर ते ठरतं.

शेवटी काकांना एकाऐवजी दोन याद्या गेल्या. एकीत तारीख असलेले: हे येत होते आणि थांबले. यांना विचारायचं, काय अडलं, पुस्तकं घरी पोचवायची का. दुसरीत तारीख नसलेले. या यादीला काकांनी हात लावू दिला नाही. आधी कपाटातली जुनी रजिस्टरं काढून प्रत्येक नाव स्वतः शोधणार, मगच फोन. ज्यांचं नाव निळ्या शाईत सापडेल त्यांच्याशी ते स्वतः बोलणार आहेत, भाचीला नाही करू देणार. त्या पिशवीवाल्या आजोबांना तर ते भेटायलाच गेले, गोत्रीला, सोबत दोन पुस्तकं घेऊन.

पहिल्या यादीत आणखी एक कॉलम हवा होता: शेवटी नेलेलं पुस्तक कोणतं. बोलायला काहीतरी धागा मिळतो, काका म्हणाले. इथे नवी अडचण. पुष्कळजण एका वेळी दोन पुस्तकं नेतात, म्हणजे शेवटच्या तारखेला दोन ओळी, आणि सिलेक्टमध्ये बसलेल्या सबक्वेरीने एकाहून जास्त ओळी दिल्या की मायएसक्यूएल तिथेच थांबतो, एरर १२४२. तारखेने आणि नोंद क्रमांकाने उतरत्या क्रमात लावून लिमिट १, म्हणजे फक्त पहिली ओळ, असं केलं. एक पुस्तक राहून जातं हे तिने काकांना सांगून ठेवलं, आणि ते सांगणं मला क्वेरीइतकंच महत्त्वाचं वाटलं.

आता तिने हीच क्वेरी पुस्तकांच्या बाजूने लिहायला घेतली आहे. आत पुस्तकांचं टेबल, दाखल क्रमांकावरून प्रत्येकाची शेवटची देवघेव, आणि बाहेर: तारीख जुनी असलेली किंवा नसलेली. कारण समितीला जागा हवी आहे, आणि कोणीतरी म्हणालं की कधीच न गेलेली पुस्तकं काढून टाकू. तिने यावेळी मला न विचारता दोन याद्या वेगळ्या केल्या, आणि तारीख नसलेल्या यादीच्या डोक्यावर मराठीत लिहिलं: '२०१९ नंतर नेल्याची नोंद नाही'. जुनी रजिस्टरं चढेपर्यंत त्या यादीतलं एकही पुस्तक कपाटाबाहेर काढायचं नाही असं समितीने ठरवलं आहे. १९८७ ते १९९४ची रजिस्टरं तिने घरी आणली आहेत, आणि वाळवी लागलेली पानं आधी घ्यायची असं तिचं चाललं आहे.